जानेवारीचा तक्ता

१

धाकू परबाला खड्ड्यातून वर काढलं तेव्हा त्याच्या गळ्यातला चांदीचा ताईत काळा ठिक्कर पडला होता. बाकी अंगावर जखम नाही, साधा ओरखडाही नाही. १९५८ सालचा मे महिना, शुक्रवार, दुपारी साडेबाराचा सुमार. साकीनाक्याच्या पुढे मरोळच्या वाटेवर इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या बनवणारा एक कारखाना होता. त्याच्या मागच्या अंगणात पुरुषभर खोल असा तो खड्डा. गॅसच्या नळात साचणारं पाणी तिथे उतरून काढावं लागे. धाकू रोज जेवणाच्या सुट्टीआधी उतरायचा, तोटी फिरवून बादलीभर पाणी काढायचा आणि वर यायचा. पाण्यामागून थोडा गॅसही सुटे, पण जेमतेम चार मिनिटांचं काम, आणि दीड वर्षं त्यानं ते बिनबोभाट केलं होतं.

शनिवारी सकाळी ही सगळी हकिगत श्यामसुंदर गुप्त्यांना घाटकोपरच्या आपल्या घरी कळली. सांगत होती प्रेमा, त्यांच्या हाताखाली पूर्वी काम केलेल्या गुणाजी सावंताची बायको. गुप्ते एकतीस वर्षं गॅसच्या कारखान्यांचे तपासनीस होते. त्या नोकरीत त्यांची वास घ्यायची शक्ती कायमची गेली. दूध नासलंय हेसुद्धा सुनेनं सांगितल्याशिवाय त्यांना कळत नसे. स्वभावही तिरसट झाला होता, पण त्याचा दोष नोकरीला देता येणार नाही. तो आधीपासूनच तसा होता.

"पोलिसांनी ह्यांका नेल्यानी, साहेब," प्रेमा म्हणाली. "वाफेचो व्हाल अर्धो बंद सापडलो म्हणतत. ह्यांनीच बंद केलो, म्हणान गॅस खराब झालो आणि भावजी गेले. सोमवारी कोर्टात उभे करतले."

"गुणाजी काय म्हणतो?"

"तोंडच उघडणत नाय."

धाकू हा गुणाजीचा मेहुणा, धाकट्या बहिणीचा, मालनचा नवरा. गुणाजी कारखान्याच्या गॅस विभागात होता, त्यानंच धाकूला तिथे चिकटवलं होतं. दोन्ही बिऱ्हाडं एकाच चाळीत, समोरासमोर.

"मालन आमच्याशी बोलणा नाय," प्रेमा म्हणाली. तिचा आवाज इतका वेळ ठीक होता, आता फुटला. "तिका वाटता, भावानच माझा कुंकू पुसल्यान. साहेब, हे तुरुंगात गेले तरी मी दिवस काढीन. पण ह्यांच्या हातून झाला काय नाय, ता मालनक कळाक होया. नायतर ह्या घर संपला."

"खरं काय ते मालनला मीच सांगेन." गुप्त्यांनी चहा अर्धा टाकला आणि पायांत चपला सरकवल्या.

२

कारखान्याचे मॅनेजर भाऊ खोपकर फाटकाशीच भेटले. पन्नाशी उलटलेला, धोतर-कोटातला माणूस. रात्रभर झोप नसावी, डोळे तांबारले होते.

"बघा गुप्ते, काय बघायचं ते बघा," भाऊ म्हणाले. "मला कुणाला वाचवायचं नाही, कुणाला अडकवायचंही नाही. काचेच्या भट्ट्या थंड करता येत नाहीत म्हणून काम चालू ठेवलंय. खड्ड्यात मात्र कुणाला उतरू दिलेलं नाही."

गॅस विभागाचे इंजिनियर नंदकिशोर दिघे त्यांना आत घेऊन गेले. वय तिशीचं, शर्टाला कडक इस्त्री, बोलणं मुद्देसूद. गॅस कसा शुद्ध करतात ते त्यांनी गुप्त्यांना शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. गुप्त्यांनी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं. समोरचा किती बोलतो हे त्यांना पाहायचं होतं.

ट्रॉम्ब्याहून जड तेल यायचं, ते भट्टीत तापवून त्याचा गॅस करायचा आणि तो कुप्यांच्या शेगड्यांना पुरवायचा. पण त्या गॅसात गंधकाचा विषारी वायू असतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. तो काढायला दोन लोखंडी मनोरे उभे होते. पहिल्यात वरून औषधी द्रावण शिंपडायचं आणि खालून गॅस सोडायचा, म्हणजे द्रावण विष शोषून घेतं. दुसऱ्यात तेच द्रावण वाफेनं उकळायचं, म्हणजे विष सुटून उंच धुराड्यावाटे जातं. मग द्रावण टाकीत साठवायचं, पवईच्या तळ्याच्या पाण्यानं थंड करायचं आणि पुन्हा पहिल्या मनोऱ्यात सोडायचं.

"खरी अक्कल लागते ती प्रमाण ठरवायला," दिघे म्हणाले. "द्रावण किती फिरवायचं, वाफ किती द्यायची. पूर्वी मिनिटाला अठरा गॅलन फिरवत. सगळी उधळपट्टी. मी चाचण्या घेतल्या आणि तक्ता बसवला. अकरा गॅलन पुरतात. वाफ तिसऱ्या हिश्शानं वाचली."

तक्ता भिंतीवर काचेच्या चौकटीत लावला होता, देवाच्या तसबिरीसारखा. खाली दिघ्यांची झोकदार सही.

"मग धाकू मेला कसा?"

"तक्त्यात दोष नाही, माणूस कच्चा निघाला. दर तासाला गॅसपुढे कागदाची पट्टी धरून पाहतात. बाराची पट्टी पांढरी आहे, म्हणजे गॅस शुद्ध. साडेबाराला माणूस मेला. मी धावत आलो तर वाफेचा व्हॉल्व्ह अर्धा बंद. मधल्या अर्ध्या तासात सावंतानं काहीतरी घोळ घातला, हे उघड आहे. मी लगेच व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. आता गॅस एकदम शुद्ध आहे."

गुप्ते दोन मनोऱ्यांमधल्या टाकीपाशी थांबले. "ही केवढी?"

"दोन हजार गॅलनची. कायम भरलेली असते. का?"

"सहज विचारलं."

पण गुप्त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला होता. दोन हजार गॅलनला मिनिटाला अकरा, म्हणजे तीन तास. बाराला वाफ तोडली असती, तरी तीन वाजेपर्यंत पहिल्या मनोऱ्याला टाकीतलं आधी उकळलेलं चांगलं द्रावणच मिळालं असतं. धाकूला मारणारा गॅस त्या अर्ध्या तासात बिघडलेला असणं शक्य नव्हतं. तो कधीपासून बिघडला होता, एवढं आता शोधायचं होतं.

३

पट्ट्यांची वही प्रयोगशाळेत होती. मृणालिनी साठे ही तिथली सहायक, विशी-बाविशीची मुलगी. वही तिनं लगेच पुढे केली.

दर सोमवारी सकाळी ती टीपकागदाच्या पट्ट्या शिशाच्या क्षाराच्या पाण्यात भिजवायची, दोरीवर वाळवायची आणि आठवड्याच्या पट्ट्या डब्यात भरून ठेवायची. डबा प्रयोगशाळेच्या कुलपात असे, आणि रोज सकाळी गुणाजीला दिवसाच्या पट्ट्या त्यातून मोजून मिळत. तो दर तासाला एक पट्टी गॅसच्या तोटीपुढे धरायचा आणि वहीत चिकटवायचा. गॅसात विष असेल तर पट्टी काळी पडते. वहीत सोमवारपासून शुक्रवारी बारापर्यंत एकूण एक पट्टी पांढरी होती.

"या आठवड्याच्या पट्ट्याही तूच केल्यास?"

"हो. सोमवारी डबा भरला आणि दुपारी रजेवर गेले. बोरिवलीला मावसभावाची मुंज होती. गुरुवारी आले परत."

"या खोलीच्या किल्ल्या कुणाकडे असतात?"

"एक माझ्याकडे, एक दिघेसाहेबांकडे, एक भाऊंकडे." तिनं ओठ चावला. "पट्ट्या मी करते म्हणजे माझ्यावर येईल का हे सगळं?"

"येऊ शकतं," गुप्ते म्हणाले. खोटा दिलासा देणं त्यांना कधी जमलं नाही.

तिथून ते कुप्यांच्या दालनात गेले. शेगड्यांच्या रांगेपुढे बायका काचेच्या नळ्या वितळवून कुप्यांची तोंडं ओढत होत्या. त्यातली सुगंधा नावाची मुकादमीण तोंडाची फटकळ होती.

"विचारायला आलात तर हे पण बघा," तिनं एक कुपी त्यांच्या हातात ठेवली. काचेवर धुरकट पांढरी साय धरली होती. पदरानं पुसताच काच लख्ख झाली. "मंगळवारपासून ही कटकट. भाऊंना सांगितलं तर म्हणतात पुसून घ्या. पुसतोय मग आम्ही, हात मोडेस्तोवर."

"सोमवारी नव्हतं हे?"

"अजिबात नाही. मंगळवारीच वास पण आला होता थोडा. गुणाजी धावत दिघेसाहेबांकडे गेला. ते म्हणाले, नाकावर जाऊ नको, पट्टी बघ. पट्टी पांढरी. गुणाजी गप्प बसला बिचारा. नंतर तर आम्हाला वास यायचाच बंद झाला."

गुप्त्यांनी कुपी उजेडात धरली. तो वायू असाच असतो. आधी वासानं बजावतो आणि मग वास घेणारं नाकच बधिर करून टाकतो. आणि काचेवर अशी साय धरते ती ज्योतीत गंधक जळत असेल तरच. गॅस मंगळवारपासून विषारी होता. मग मंगळवारपासूनच्या पट्ट्या पांढऱ्या कशा?

वहीतून त्यांनी दोन पट्ट्या सोडवून घेतल्या, एक सोमवार सकाळची, एक बुधवारची. जाताना दाराशी भाऊ उभे होते. पट्ट्या त्यांच्या हातात पाहून भाऊंचा चेहरा उतरला.

४

"तुमच्या कानावर घालायचं होतं," भाऊ म्हणाले. "दुसरीकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. आज डायरेक्टर येणार होते, दिघ्यांचा तक्ता पाहायला. पसंत पडला असता तर दिघे वर्क्स मॅनेजर आणि मी घरी. सगळ्यांना माहीत आहे ते. आता लोक म्हणतील, तक्ता बदनाम व्हावा म्हणून भाऊनंच काही केलं."

"केलंत का?"

"नाही."

"अठरा गॅलनवर परत जाता येतं का? आज, आत्ता?"

"कसं जाणार? त्याला दोन पंप लागतात. दिघे म्हणाले एकच पुरे, म्हणून दुसरा मार्चमध्ये विकून टाकला."

गुप्ते परत मनोऱ्यांकडे गेले. द्रावणाच्या नळावर तापमापक होता. पारा फॅरनहाइटच्या एकशेदहावर. मग त्यांनी दिघ्यांच्या चाचण्यांची वही मागवली. चाचण्या सगळ्या जानेवारीच्या. तेव्हा पवईचं पाणी बहात्तर अंशांचं होतं आणि द्रावण पंच्याऐंशीला मनोऱ्यात जात होतं. अकरा गॅलन पुरत होते यात खोटं काही नव्हतं. पण द्रावणाचं सोड्याच्या बाटलीसारखं असतं. गार असेल तोवर वायू धरून ठेवतं, तापलं की धरत नाही. मे महिन्यात तळं आटलं होतं, पाणी रोज थोडं थोडं तापत नव्वद अंशांवर गेलं होतं, आणि गॅसातलं विषही रोज वाढत होतं. थंडीत ठरवलेलं प्रमाण उन्हाळ्यातही तसंच चालू होतं, आणि भिंतीवरच्या त्या तक्त्यात द्रावण किती गार हवं याचा रकानाच नव्हता.

घरी येऊन गुप्त्यांनी सुनेकडून एक सडकं अंडं मिळवलं, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत फोडलं, दोन्ही पट्ट्या दोऱ्यानं आत टांगल्या आणि झाकण घट्ट लावलं. सून नाकाला पदर लावून माजघरात गेली ती सासऱ्यांशी बोलेना. गुप्त्यांना वास येतच नव्हता. ते बरणीसमोर बसून राहिले.

रविवारी सकाळी सोमवारची पट्टी काळीभोर झाली होती. बुधवारची पांढरी शुभ्रच होती. तिला शिसं कधी लागलंच नव्हतं. कुणीतरी डब्यातल्या पट्ट्या काढून नुसत्या टीपकागदाच्या तुकड्यांनी डबा भरून ठेवला होता. किल्ल्या तिघांकडे होत्या, आणि गुणाजी त्या तिघांत नव्हता.

५

रविवारी दहाच्या सुमारास गुप्त्यांनी तिघांना मागच्या अंगणात बोलावलं. त्याआधी एका फिटरकडून त्यांनी खड्ड्याकडे जाणारा नळ बंद करून घेतला होता आणि तासभर पंखा लावून खड्डा मोकळा केला होता. फिटरला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं.

मनोऱ्याच्या तोटीपुढे त्यांनी डब्यातली एक पट्टी धरली. पट्टी पांढरीच राहिली. त्यांनी ती तिघांना दाखवली.

"गॅस शुद्ध आहे?"

"पट्टीवरून तरी तसंच दिसतंय," मृणालिनी म्हणाली.

"शुद्धच आहे," भाऊ म्हणाले.

"दिघे?"

"मी कालच सांगितलं तुम्हाला. एकदम शुद्ध."

"मग खड्ड्यातलं पाणी काढायला हवं. दोन दिवस साचलंय, नळ तुंबेल. कोण उतरतं?"

कुणी हललं नाही. मग भाऊंनी कोट काढून मृणालिनीकडे दिला आणि धोतराचा काचा मारला.

"माझ्या कारखान्यातला माणूस इथे गेलाय. दुसऱ्या कुणाला कशाला उतरवू? मी जातो."

त्यांनी लोखंडी पायरीवर पाय ठेवला. दिघ्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"भाऊ, राहू दे. उद्या बघू."

"का रे? पट्टी पांढरी आहे ना?" भाऊ दुसऱ्या पायरीवर उतरले, मग तिसऱ्या. त्यांचं डोकं खड्ड्याच्या काठाखाली जाणार तोच दिघे गुडघ्यांवर पडले आणि त्यांनी भाऊंचा दंड धरला.

"वर या. भाऊ, वर या आधी. ती पट्टी कोरी आहे."

भाऊ वर आले आणि दिघ्यांकडे पाहत राहिले.

"कोरी आहे हे या तिघांत फक्त ज्यानं डबा बदलला त्यालाच ठाऊक असणार," गुप्ते म्हणाले. "मला तसा सकाळीच अंदाज आला होता. भाऊंना तक्ता पाडायचा असता तर त्यांना पट्ट्या काळ्या पडलेल्या हव्या होत्या. या मुलीला त्यात ना नफा ना तोटा. शनिवारपर्यंत पट्ट्या पांढऱ्या राहायला हव्या होत्या त्या तुम्हाला एकट्याला."

दिघे तसेच जमिनीवर बसले होते. इस्त्रीच्या विजारीला माती लागली होती.

"सोमवारी संध्याकाळी सावंत घरी गेल्यावर मी स्वतः पट्टी धरून पाहिली," ते म्हणाले. "काळी पडली. पाण्याचा पारा बघितला आणि कळलं काय चुकलं ते. पण पंप विकलेला. डायरेक्टरांना काय सांगणार होतो? वाटलं, पाचच दिवसांचा प्रश्न आहे. फार तर कुप्यांवर साय येईल. शनिवार पार पडला की पंप मागवीन."

"आणि खड्डा?"

"तो डोक्यातच आला नाही. मी मनोरे पाहिले, द्रावण पाहिलं, वाफ पाहिली. खड्ड्यात रोज एक माणूस उतरतो हे मला माहीत होतं, पण हिशेबात तो कुठे नव्हताच."

"वाफेचा व्हॉल्व्ह?"

"मीच. धाकूला वर काढल्यानंतर. सगळे त्याच्याभोवती होते तेव्हा."

गुप्त्यांना संताप आला, तो त्यांनी लपवला नाही. "चूक झाली होती तिथे थांबला असतात तर पोरा, तुला मीच वाचवलं असतं. जानेवारीत मे महिन्याचा विचार न करणारे मी तुझ्यासारखे दहा पाहिलेत. पण गुणाजी तुझ्याकडे वासाची तक्रार घेऊन आला, तेव्हा तू त्याला तीच कोरी पट्टी दाखवलीस. आणि मेहुण्याच्या मरणाचं पाप त्याच्या माथी मारायला निघालास. याला चूक म्हणत नाहीत."

भाऊ पोलिसांना फोन करायला आत गेले.

६

सोमवारी दुपारी गुणाजी सुटला. गुप्ते त्याच्याबरोबर चाळीत गेले, कारण प्रेमाला त्यांनी तसा शब्द दिला होता. मालन उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली होती. वय पंचविशीच्या आतलं. कपाळ मोकळं.

गुप्त्यांनी तिला सगळं सांगितलं. पाणी तापलं होतं, पंप विकला होता, डब्यात कोरे कागद भरले होते, व्हॉल्व्ह कुणी फिरवला होता. सोपं करून, एकेक गोष्ट दोनदा सांगितली. शेवटी ती एवढंच म्हणाली, "म्हणजे दादान कायच केल्यान नाय?"

"नाही. त्याचा काही दोष नाही."

प्रेमानं मागे सुस्कारा सोडला. गोष्ट इथे संपली असती तर गुप्त्यांना बरं वाटलं असतं. पण तीन दिवस मुका असलेला गुणाजी बोलला.

"माली, तो उतराक तयार नव्हतो."

"अवो, गप ऱ्हवा," प्रेमा कळवळून म्हणाली.

"नाय, सांगूक होया." गुणाजी बहिणीसमोर खाली बसला. "डोक्या जड झाला म्हणत होतो. माका म्हणालो, दादा, आज नको वाटता. मी त्येका पट्टी दाखवलंय. म्हटलंय, पांढरी आसा, उगाच कशाक भियातस. उतर."

आता गुप्त्यांना कळलं की हा पोलिसांपुढे का बोलला नाही. स्वतःच्या बचावाचं त्याच्याकडे पुष्कळ होतं. पण बोलायला तोंड उघडलं असतं तर आधी हेच बाहेर आलं असतं, आणि हे तो बहिणीखेरीज कुणाला आधी सांगणार नव्हता. निर्दोष, हा शब्द आपण किती झटकन वापरला, असं त्यांच्या मनात आलं आणि ते ओशाळले.

मालननं भावाकडे पाहिलं.

"त्या दिघ्यान मारल्यान त्यांका," ती म्हणाली. "ता माका कळला. तुका फसवल्यान, ता पण कळला. पण त्यांका भीती वाटली होती, आणि ते तुझा ऐकान उतरले."

"होय," गुणाजी म्हणाला.

"बाराव्याक ये. भाव म्हणान काय करूचा आसा ता कर. तवसर माका तोंड दाखव नको."

प्रेमा काही बोलणार होती, पण गुप्त्यांनी तिला हातानं थांबवलं. एवढंच मिळणार होतं, आणि ते थोडं नव्हतं. शुक्रवारपासून बारावा दिवस पुढच्या मंगळवारी येत होता. मधे आठ दिवस होते, आणि या दारापासून त्या दारापर्यंत चार पावलांचं अंतर.

"येतलंय," गुणाजी म्हणाला.